माहा रिमोट

माही बॅग टेबलावर उलटी केली.

मले विचारलं नाही. 'दाखव' म्हणले नाहीत. ऑफिसचा शिपाई गजूभाऊ, त्यानं खांद्यावरून ओढली अन् अध्यक्षाच्या टेबलाच्या काचेवर पालथी केली. वही पडली. डबा पडला, त्याचं झाकण निघालं, भाकरीचा तुकडा काचेवर आला. पॅडचं पाकीट पडलं, ते सरकत पार समोरच्या माणसापर्यंत गेलं. खोलीत सगळे पुरुष. मी एकटी पोरगी. शेवटी याडीनं शिवलेली थैली पडली. याडी म्हणजे माही आई, आम्ही तांड्यावरचे गोर लोक आईले याडी म्हणतो. लाल कापडाची थैली, आरसे लावलेली, काठाले कवड्या.

कॉलेजच्या अध्यक्षानं ती थैली दोन बोटानं उचलली. झटकली. आतून गाडीचा रिमोट पडला.

"हे काय आहे?"

रिमोट होता, दुसरं काय. जुना, झाकण फुटलेला, आतलं सर्किट दिसून राह्यलतं. वणीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. आमाले प्रोजेक्टसाठी सांगतलंच होतं की प्रत्येकानं एक जुना रिमोट आणा, खोला, आतला अँटेना पाहा. साऱ्या वर्गानं आणला होता. अन् ज्याईनं आणायले सांगतलं ते माह्यापासून हातभर अंतरावर उभे होते. आमचे रेडिओचे सर.

मी सरकडं पाह्यलं. सर भिंतीवरच्या फोटोकडं पाहत होते.

मंग अध्यक्ष बोलले. आवाज चढवला नाही. लहान लेकराले समजावून सांगावं तसं बोलले.

"बाळ, तुमच्या तांड्यात हे पिढीजात असतं, मला माहीत आहे. तुझा दोष नाही. माझी लॅपटॉपची बॅग कुठे ठेवलीस, तेवढं सांग."

तुझा दोष नाही. हे वाक्य मले अजून चावते. शिवी दिली असती तं बरं झालं असतं, शिवीले उलटी शिवी देता येते. याच्यावर काय देता? मी फक्त 'मी नाही नेली' एवढंच म्हटलं. पॅडचं पाकीट उचललं, भाकरी उचलली, वही उचलली. रिमोट उचलायले हात घातला तं गजूभाऊनं माह्या हातावर हात ठेवला. रिमोट तिथंच राह्यला. थैली मी ओढून घेतली.

आता मी कोण ते सांगते. ढाणकीच्या पुढं, डांबरी सोडून आत गेलं की आमचा तांडा आहे. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालत. त्याईच्या जिवावर गावाईच्या चुली पेटत. मंग रेल्वे आली, लदनी बंद पडली, अन् फिरणारा माणूस म्हणजे चोर असं सरकारनं कागदावर लिहून टाकलं. ते सरकार गेलं, कागद गेला. संशय तेवढा राह्यला.

गावात कोणाची बकरी हरवली की पह्यली मोटरसायकल तांड्यावर येते. मी लहान होती तवा गावातल्या एका घरचा पाण्याचा पंप गेलता. पोलीस आले. आमच्या घरातली ज्वारीची कोठी त्याईनं अंगणात उलटी केली. पंप काय ज्वारीच्या बुडाशी राह्यते का? पण उलटी केली. माहा बाप, बा, तिथंच हात जोडून उभा. पंप मंग त्याच घरवाल्याच्या विहिरीत सापडला, दोर तुटून पडला होता. याडी अन् मी खड्यातून ज्वारी वेचत बसलो. कोणी सांगायले आलं नाही की बाप्पा, आमचं चुकलं.

बा वणीले कोळशाचा ट्रक चालवते. खाणीवरून माल भरायचा, चंद्रपूरकडं न्यायचा. सुट्टीत मी त्याच्या बाजूले बसून जात होती. गिअर कसा पडते, ब्रेक दाबला की हवा काहून सुटते, हे मी बाले इतकं विचारलं की तो म्हणे, ही पोट्टी माहं डोस्कं खाऊन टाकते. म्हणूनच ऑटोमोबाईल घेतलं. वणीच्या बाहेर हे खाजगी कॉलेज, तिथं नंबर लागला. वर्गात पोरी हातावर मोजण्याएवढ्या. तांड्यावरची मी एकच.

'हाय फ्रिक्वेन्सी अन् रेडिओ तंत्र' हा विषय लागला तवा सारे पोट्टे कुरकुरले. आमाले इंजिन खोलायचं होतं, रेडिओ कायले शिकायचा? पण सरनं पह्यल्याच दिवशी सांगतलं, गाडी म्हणजे आता नुसतं इंजिन राह्यलं नाही. किल्ली दाराशी बोलते, चाकातली हवा मोजणारा तुकडा डॅशबोर्डाशी बोलते, बंपरमधलं रडार समोरच्या गाडीवर लहर आपटून अंतर काढते. कुठंच तार नाही. सगळं हवेतून. अन् हरेकाची बोलायची जागा ठरलेली, तिलेच फ्रिक्वेन्सी म्हणायचं. रिमोट चारशे तेहतीस मेगाहर्ट्झवर बोलते. त्याची लहर दीड हात लांब. तिचा पाव हिस्सा, म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही, तेवढी तार अँटेना म्हणून बस झाली.

मले लय आनंद झाला, खरं सांगते. डोळ्याले न दिसणारी गोष्ट वितीनं मोजता येते! मी हॉस्टेलवर जाऊन वितीनं भिंत मोजली. वैष्णवी, माही खोलीतली जोडीदारीण, मले हसली. तिच्या घरी कापूस-तुरीचं मोठं वावर, मनानं चांगली पोरगी. तवा तरी मले तशीच वाटे.

एक दिवस सरनं आमाले पार्किंगमध्ये नेलं. डिपार्टमेंटची एक जुनी गाडी आहे, तिचं लॉक रिमोटवर चालते. सर दूर उभे राह्यले, बटण दाबलं, काहीच नाही. मंग तोच रिमोट हनुवटीले लावला, तोंड उघडलं अन् दाबलं. गाडीचे दिवे लुकलुकले. सारे हसले. सर म्हणले, डोकं म्हणजे पाण्यानं भरलेलं मडकं, लहरीले त्याचा आधार भेटते, ती आणखी दूर जाते. करून पाहा म्हणले. सगळ्याईनं केलं. अनिकेत म्हणून एक पोट्टा आहे, अध्यक्षाचा भाचा. तो निंबाच्या झाडापर्यंत गेला, त्याच्या पुढं त्याच्यानं गाडी उघडेना. मी मागं मागं सरकत कँटीनच्या टिनापर्यंत गेली. डोकं थोडं वाकडं केलं, दाबलं. दिवे लागले.

टाळ्या पडल्या. सर सगळ्याईच्या समोर म्हणले, "बघा, हिच्याकडून शिका."

मी याडीले फोन करून सांगतलं. याडी म्हणे, हनुवटीनं कायले उघडते गाडी, तुले हात नाही काय? मी कितीतरी वेळ हसत होती. तोच दिवस पुढं माह्यावर उलटला. माह्या हाती काही आलं तं ती विद्या नसते, हत्यार असते. हे मले तवा माहीत नव्हतं.

मंग तो बुधवार. सकाळी पह्यल्या बॅचचं प्रॅक्टिकल होतं, अनिकेत त्याच्यात. लॅब वरच्या मजल्यावर, खिडकी बरोबर पार्किंगवर उघडते. सिग्नल जनरेटर, म्हणजे लहर सोडणारी पेटी, चारशे तेहतीसवर लावायचा, अँटेना खिडकीत ठेवायचा, अन् खाली फिरून हातातल्या मीटरवर सिग्नल कुठं किती येते ते पाह्यचं, असं काम होतं. आमच्या लॅबची एक पद्धत आहे. जनरेटर एकदा लावला की दोन बॅचच्या मधात बंद करत नाहीत. थंडा झाला तं पुन्हा स्थिर व्हायले वेळ घेते. म्हणून सर नेहमी म्हणत, असू दे, गरम राहू दे. पण गरम ठेवायचा तं अँटेनाची तार काढून ठेवायची, हेही ठरलेलं. त्या दिवशी तार कोणी काढली नाही.

दुपारी मी दुसऱ्या बॅचची पोरं-पोरी येईपर्यंत निंबाखाली उभी होती. अध्यक्षाची नवी गाडी लॅबच्या खिडकीखालीच लागलेली. सर जेवून आले, आपली गाडी तिच्या बाजूले लावली, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चिडले. गजूभाऊले नवा सेल आणायले पाठवलं. सेल टाकला, तरी लॉक होईना. शेवटी दारात किल्ली फिरवून लावली अन् वरच्या खिडकीकडं पाह्यलं. मंग भरभर जिना चढून गेले. मी हे सारं पाह्यलं, पण मनात काही आलं नाही. आम्ही वर गेलो तवा जनरेटर चालूच होता, अन् सर त्याची ताकद कमी करून राह्यलते.

संध्याकाळी अध्यक्ष घरी जायले निघाले. बटण दाबायच्या आधीच गाडीचं दार उघडलं. आत लॅपटॉपची बॅग नाही. झाला गोंधळ. रिमोटची गाडी बिनाकिल्लीची कोण उघडू शकते? अनिकेतनं माह्यं नाव घेतलं म्हणे. तिले दुरून उघडता येते, मामा, साऱ्याईनं पाह्यलं. अन् ती कुठली आहे, हेही त्यानंच सांगतलं.

दुसऱ्या दिवशी माही बॅग उलटी झाली.

मले पोलिसात दिलं नाही. 'तुझ्या भविष्याचा विचार करून' दिलं नाही, असं प्राचार्य म्हणले. बॅग आणून दे अन् विषय मिटव म्हणले. म्हणजे चोर तं ठरलीच, फक्त दया दाखवून राह्यले. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की डिपार्टमेंटच्या गाडीचा रिमोट त्याच गाडीले उघडते. हनुवटीले लावल्यानं काय दुसऱ्याची गाडी उघडते? सरले हे माहीत होतं. सर बोलले नाहीत.

हॉस्टेलवर वैष्णवीची सोन्याची चेन आरशाजवळच्या खिळ्यावर टांगलेली राहे. त्या दिवसापासून ती तिच्या पेटीत गेली. पेटीले नवं कुलूप आलं. मी विचारलं नव्हतं तरी वैष्णवी म्हणे, तुह्यावर नाही गं, बाहेरच्या लोकाईचा भरवसा नाही. मी हो म्हटलं. काय म्हणणार? मेसमध्ये मी बसली की बाजूची पोरगी मोबाईल मांडीवर घेई. लायब्ररीत गेली तं बाईची नजर माह्या थैलीवर. बरं, संशय काही एकीकडून राह्यत नाही. मलेही लागला. कोणी गोड बोललं की वाटे, ही काय काढून घेऊन राह्यली? कोणी चूप बसलं की वाटे, हिनं काय ऐकलं? मी माह्या सावलीकडंही तिरपं पाहत होती, इतकी घाण वेळ होती ती.

रविवारी मी गच्चीवर कपडे वाळू घालून राह्यलती. समोरच्या रस्त्यानं वरात चालली होती. डीजे असा की गच्चीचे पत्रे थरथरत. वैष्णवी खाली उभी राहून मले हाका मारे. तिचं तोंड हालताना दिसे, आवाज शून्य. तिनं हात हालवले, मोठ्यानं ओरडली. काहीच नाही. वरात पुढं गेली तवा ऐकू आलं की जेवण वाढलंय, ये.

माह्या हातातला ओला दुपट्टा हातातच राह्यला. डीजे. जनरेटर. रिमोटची हाक त्याच जागेवर, अन् त्याच जागेवर खिडकीतून सकाळपासून जनरेटर मोठ्यानं वाजत होता. खालच्या गाडीले रिमोट ऐकूच आला नाही. अध्यक्षानं बटण दाबलं असेल अन् चालू लागले असतील. दिवे लुकलुकले का, हे मागं वळून पाह्यची त्याईले सवय नाही. गाडी लॉकच झाली नव्हती. कोणी उघडली नव्हती. अन् सरनं सेल बदलला, खिडकीकडं पाह्यलं, वर पळाले, ताकद कमी केली. सरले त्याच दुपारी कळलं होतं.

माही बॅग उलटी झाली तवाही त्याईले माहीत होतं.

सोमवारी मी सरकडं गेली. सरळ विचारलं. सर आधी म्हणले, "हे तुझं तुला सुचलं? छान." मंग दाराकडं पाह्यलं. मंग खुर्ची दिली. मले कधी त्या खोलीत खुर्ची भेटली नव्हती, तिथंच मले समजायले पाह्यजे होतं. सर म्हणले, ताकद अनिकेतनं वाढवली, त्याले गेटपर्यंत सिग्नल पोचवून पाह्यचा होता. तार काढायची राह्यली. पण सर म्हणले, अध्यक्षाच्या भाच्याचं नाव मी घेतलं तं माही नोकरी जाईल. माह्यं नाव आलं तरी जाईल. माह्या घरी लहान लेकरं आहेत.

"तू असं कर," सर म्हणले. "सगळ्यांसमोर सांग की जनरेटर तू चालू ठेवलास. चूक कुणाचीही होते. गाडी उघडी राहिली, बॅग बाहेरच्या कोणीतरी नेली. चोरीचा डाग जाईल तुझा. माफी माग, विषय संपेल. तुझे मार्क मी बघतो."

मी म्हटलं, मी तं त्या बॅचमध्ये नव्हतीच. सर म्हणले, ते कोण तपासणार आहे?

इथून पुढं मी त्याले सर म्हणते ते सवयीनं. 'ते म्हणले' असं आदरानं नाही बोलणार. कोणाले खटकलं तं खटको.

पण खोटं कायले बोलू, मी लगेच नाही म्हटलं नाही. मले डिग्री पाह्यजे होती. तांड्यावर परत जाऊन काय सांगू? बाले फोन केला. बा ट्रक खाली करून तसाच आला, अंगाले कोळसा. कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. मी सारं सांगतलं. जनरेटर त्याले समजला नाही, पण बाकी सारं समजलं. त्यानं ते जन्मभर पाह्यलं होतं.

बा म्हणे, "हात जोडून टाक, बेटा. हात जोडल्यानं हात झिजत नाहीत. तुही डिग्री होऊ दे."

मी हो म्हटलं. बाचा चेहरा पाहून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाच्या खोलीत सारे जमले. अध्यक्ष, प्राचार्य, सर. अनिकेत सोफ्यावर मोबाईल पाहत बसला होता, त्याले कोण्या नात्यानं बोलावलं होतं देव जाणे. मी आत गेली. मागून बा आला. मी वळून पाह्यलं तं बा अनवाणी. चपला त्यानं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. खोलीतले सारे बुटात. बाच्या टाचेच्या भेगाईत कोळसा बसलेला, पांढऱ्या फरशीवर त्याच्या पायाचे काळे ठसे उमटले होते. अध्यक्षाची नजर ठशावर गेली, मंग गजूभाऊवर. गजूभाऊ फडकं आणायले वळला.

बानं हात जोडले. "साहेब, लेकरू आहे..."

मले आमचं अंगण दिसलं. ज्वारी. तोच माणूस, तेच हात. त्या दिवशी ज्वारी वेचताना मी कोणाले काही विचारलं नव्हतं. मले आला तो राग होता. शरम नव्हती, हे मी ठासून सांगते. इतके दिवस मी शरमेनं मरून राह्यलती, अन् शरम तं माही नव्हतीच.

"बा," मी म्हटलं, "चपला घालून ये."

त्याले समजलं नाही. तो तसाच हात जोडून माह्याकडं पाहू लागला.

"पह्यले चपला घालून ये. मंग बोलू."

बा बाहेर गेला. चपलेचा आवाज आला, बा आत आला, माह्या बाजूले उभा राह्यला. हात आता खाली होते.

मी सांगतलं. जनरेटर मी चालू ठेवला नाही. मी सकाळच्या बॅचमध्ये नव्हती. ताकद अनिकेतनं वाढवली, अँटेनाची तार कोणी काढली नाही. त्याच्यानं खालच्या गाड्या लॉक होत नव्हत्या. सरचीही होत नव्हती, सरनं गजूभाऊकडून सेल आणवला, विचारा गजूभाऊले. सरले त्याच दुपारी समजलं होतं. मले खोटं बोलायले सांगतलं तेही सरनंच. अन् माफी मी मांगणार नाही. माफी मांगण्यासारखं मी काही केलंच नाही.

सर म्हणला, "साफ खोटं बोलतेय ही." गजूभाऊ फडकं हातात धरून फरशीकडं पाहत राह्यला. त्याले कोणी विचारलंच नाही. अनिकेतनं मोबाईल खिशात टाकला.

अध्यक्ष माह्याशी बोलले नाहीत. बाच्याकडं वळले. "हेच शिकवलं का तुम्ही मुलीला? मोठ्यांवर आरोप करायला?"

बानं एकदा माह्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "नाही साहेब. हे ती तुमच्याच कॉलेजात शिकली."

मी बाले त्याच्या आधी कोण्या साहेबाले असं बोलताना ऐकलं नव्हतं. बाहेर आलो, टपरीवर गेलो. मी त्याले चहा पाजला. तो म्हणे, आता काय करतीन हे लोक? मी म्हटलं, करू दे.

केलंच त्याईनं. चौकशी होईपर्यंत लॅबमध्ये यायचं नाही असं सांगतलं. हॉस्टेल सोडायले लावलं. बाच्या खोलीवर, ड्रायव्हर लोकाईच्या वस्तीत मी राह्यले गेली. वैष्णवी मले पेटी उचलू लागली, गेटपर्यंत आली, रडली. मी रडली नाही. तिच्या रडण्यावरही मले भरवसा वाटला नाही, अन् ते मले वाईटही वाटलं नाही.

मंग अध्यक्षाची बॅग सापडली. मारेगावले. त्या बुधवारी कॉलेजले येताना ते तिथं एका ओळखीच्या घरी चहाले थांबले होते. बॅग त्या घरच्याच दिवाणावर राह्यली होती. घरवाले लग्नाले बाहेरगावी गेलते, परत आले तवा बॅग दिसली अन् फोन केला.

म्हणजे पाहा. चोरी झालीच नव्हती. गाडी दुपारभर उघडी होती, अन् तिच्या बाजूनं कितीतरी पोरं गेली-आली. मजुराईची, ड्रायव्हराईची, तांड्यावरची, गावातली. कोणीच कशाले हात लावला नाही. दार उघडं आहे हे पाह्यलंही नाही. एवढ्या मोठ्या कॉलेजात त्या दिवशी चोर फक्त एका डोक्यात होता, अन् त्या डोक्याची झडती कोणी घेतली नाही.

मले निरोप आला, लॅबमध्ये येत जा. बस. एवढाच निरोप. नोटीस बोर्डावर काही नाही, वर्गात काही नाही. अध्यक्षाचा शब्द आला म्हणे, झालं ते झालं, उगाच चिघळवू नका. विहिरीतला पंप मले आठवला. नंतर एक दिवस गजूभाऊ कँटीनच्या मागं मले गाठून उभा राह्यला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् पेपरात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं. माहा रिमोट.

"घे बाई, ठेवून घे. सरनं देले. कोणाले सांगू नको म्हणले."

मी हात मागं घेतला. मी म्हटलं, गजूभाऊ, हा तुम्ही टेबलावरून घेतला. साऱ्याईच्या समोर घेतला. तिथंच परत द्या. साऱ्याईच्या समोर. गजूभाऊ म्हणे, अवं बाई, मी नोकर माणूस. मी म्हटलं, तुमच्यावर माहा राग नाही. पण परत घेऊन जा. तो घेऊन गेला.

तो रिमोट अजून ऑफिसच्या कपाटात आहे. भंगारातला, फुटका रिमोट. आता बुधवारी प्रॅक्टिकल असते. सर हजेरी घेते. माहा नंबर आला की मी 'प्रेझेंट सर' म्हणत नाही. उठून उभी राह्यते अन् विचारते, "सर, माहा रिमोट कुठं आहे?"

पह्यल्या वेळी पोट्टे हसले. 'माहा' म्हटलं म्हणूनही हसले. दुसऱ्या खेपेले थोडे कमी हसले. आता कोणी हसत नाही, सारे सरकडं पाह्यतेत. सर मान वर करत नाही, पुढचा नंबर घेते अन् मले गैरहजर लावते. बाजूच्या पोरी म्हणतेत, अवं, काहून नडून राह्यली, प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्याच हातात आहेत, वर्ष जाईन तुह्यं. माहीत आहे मले. गेलं तं जाऊ दे, पुन्हा बसीन.

जोवर अध्यक्ष त्याच टेबलावर, त्याच माणसाईच्या समोर, बा चपलेसकट उभा असताना तो रिमोट माह्या हातात देत नाही अन् 'आमचं चुकलं' म्हणत नाही, तोवर दर बुधवारी मी उभी राहीन. खालच्या आवाजात नाही. पार्किंगपर्यंत ऐकू गेलं पाह्यजे, एवढ्या आवाजात विचारीन.